‘चुकून दाबलं’ म्हणायची बंदी

माझ्या हॉलमध्ये बारा माणसं पगारावर पत्ते खेळायची. हे वाक्य मी कुठेही टाकलं की समोरचा एक तर हसतो, नाही तर खुर्ची जरा मागे सरकवतो. म्हणून आधी काम काय होतं ते सांगते आणि मग रेशमाची गोष्ट. खरं तर तिची गोष्ट सांगायची म्हणूनच लिहायला बसले आहे. तिच्या एका डावामुळे माझी बाराही माणसं तीन दिवस रिकामी बसली, आणि त्या तीन दिवसांत मी जे केलं त्यातलं अर्धंच बरोबर होतं.

शहाद्याला बी-बियाणांच्या दुकानावरचा मजला माझ्याकडे भाड्याने होता. पूर्वी तिथे माझं डेटा एंट्रीचं केंद्र चालायचं. विम्याचे फॉर्म, शाळांचे दाखले, गॅसच्या नोंदी. ते काम हळूहळू आटलं आणि माझ्याकडे बारा संगणक, एक मोठा इन्व्हर्टर, दोन कंपन्यांचं इंटरनेट आणि न संपलेला भाडेकरार उरला. माझ्या बहिणीचा मुलगा चेतन पुण्याला इंजिनिअर होता. तो नोकरी सोडून घरात बसून ऑनलाइन पोकर खेळायला लागला. बहीण फोनवर रडायची. मी त्याचे आयकराचे कागद मागवून पाहिले आणि बहिणीला रडणं थांबवायला सांगितलं. चेतनला म्हटलं, “तू एकटा खेळून एवढं मिळवतोस. तुझ्यासारखी बारा माणसं बसवली तर?”

“मावशी, माझ्यासारखी बारा माणसं मिळाली पाहिजेत ना.”

“ते माझ्यावर सोड. तू फक्त शिकव.”

पोकर म्हणजे काय, ते पत्ते न खेळणाऱ्यालाही कळेल असं सांगते. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मध्ये पाच पत्ते एकेक करून उघडतात, ते सगळ्यांचे. आपले दोन आणि मधले पाच यांतून ज्याचा पाच पत्त्यांचा संच भारी, तो मध्ये जमलेले सगळे पैसे नेतो. पण शेवटपर्यंत जायची सक्ती नसते. पत्ते बरे नसतील तर टाकून द्यायचे आणि बसून राहायचं. चांगला खेळाडू दहातले सात-आठ डाव टाकतो. हौशी माणसाला टाकवत नाही. पैसे मोजून खेळायला बसलोय, तर खेळू या, असं त्याला वाटतं. आमचा सगळा धंदा या एका फरकावर उभा होता. भांडवल माझं, खातं ज्याचं त्याचं, त्याच्या स्वतःच्या पॅन कार्डावर. महिन्याला ठरलेला पगार आणि नफ्यात हिस्सा. तोटा झाला तर माझा.

माणसं निवडायला मी पत्ते वापरले नाहीत. नंदुरबारच्या पथारीवरून, म्हणजे मिरची वाळवतात त्या मैदानावरून, एक पोतं लाल मिरची आणली. उमेदवाराला परात द्यायची: डागी वेगळी, तुटकी वेगळी, चांगली वेगळी. दोन तास. मधूनच मी मुद्दाम टीव्ही लावायची, कुणाला तरी चहा घेऊन पाठवायची. शेवटी पहिल्या मुठीतल्या आणि शेवटच्या मुठीतल्या मिरच्या शेजारी ठेवून बघायची. बहुतेकांची पहिली मूठ नीट असते. दोन तासांनी हात सैल पडतो आणि डागी मिरची चांगल्यात जाते. ज्याची शेवटची मूठ पहिल्यासारखी, तो घ्यायचा. चेतन आधी हसला. महिनाभराने हसायचा थांबला.

रेशमा वळवीची शेवटची मूठ पहिलीपेक्षा चांगली होती. अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातली मुलगी, बारावी झालेली, एक हंगाम पथारीवर निवडायला बसलेली. मी विचारलं, “शेवटी जास्त नीट कसं झालं?” ती म्हणाली, “आधी मिरची ओळखीची नव्हती, मॅडम.”

परीक्षेत नापास होऊनही मी एका माणसाला घेतलं होतं, ते भिडेखातर. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातले जुने दलाल, सगळे त्यांना अप्पा म्हणत. रुमालाखाली बोटं धरून सौदा ठरवण्यात त्यांची हयात गेलेली. समोरच्याच्या मनातला आकडा आपल्याला कळतो, असा त्यांचा दावा होता आणि तो खोटा नव्हता. मला वाटलं, असा माणूस पोकरला जन्मलेला असणार. चौथ्या दिवशी अप्पांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

“हेमाबेन, मी बोट धरस आनि समोरलानं तोंड दखस. आठे तोंडच नही शे. मी दखू काय?”

“अप्पा, पैसे लावायला किती वेळ घेतो ते बघा. किती लावतो ते बघा.”

“घोडा इकणारा गप बसना तरी त्यानं नाक हालस. हाऊ काय हालाडस?” त्यांनी पडद्यावर खेळाडूच्या नावापुढच्या हिरव्या ठिपक्याकडे बोट केलं. “त्याले सांगा, कॅमेरा चालू कर.”

त्यानंतर अप्पा फक्त चहाला येत, आणि माझ्याबद्दल बाजारात चांगलं बोलत. ते गरजेचंही होतं. ‘पाटीलनी बाईनी अड्डा काढा’ हे वाक्य माझ्या कानावर तीन वेगवेगळ्या दुकानांत आलं होतं. त्यामुळेच असेल, एक दिवस एक हवालदार जिना चढून आले. मी त्यांना खुर्ची दिली आणि खेळणाऱ्यांच्या मागे बसवलं. चहा झाला, बिस्किटं झाली. तासभर सगळे डावामागून डाव टाकत होते. मग ते उठले.

“बेन, हाई जुगार शे का सजा शे? एक घंटा व्हई गया, बठ्ठा नही-नहीच करी ऱ्हायनात.”

पुन्हा आले नाहीत. त्यांनी खाली जाऊन जे सांगितलं असेल, त्याने माझी अब्रू वाढली की कमी झाली, मला माहीत नाही.

खेळ रात्री रंगतो, पण आमचं खरं काम सकाळी अकराला व्हायचं. आदल्या दिवशीचे डाव संगणकात नोंदलेले असत. प्रत्येकाचे पाच डाव मी आणि चेतन काढायचो आणि सगळ्यांसमोर विचारायचो: हे का केलंस? जिंकलास की हरलास, हे विचारायचं नाही. वाईट विचार करून जिंकलेला डाव आमच्याकडे शिव्या खायचा आणि नीट विचार करून हरलेल्या डावाला शाबासकी मिळायची. हे गळी उतरवायला मला वर्ष लागलं. माणसाला हरल्याची लाज वाटते आणि लाज वाटली की तो पहिलं वाक्य म्हणतो, ‘चुकून दाबलं गेलं.’ म्हणून त्या वाक्यावर मी बंदी घातली होती. भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला होता: ‘चुकून दाबलं’ म्हणायचं नाही. काहीही सांगा, कंटाळा आला सांगा, घरचं भांडण डोक्यात होतं सांगा, समोरच्याचा राग आला सांगा. बोट आपोआप हलत नाही. रेशमा या तासाला सगळ्यांत पुढे असायची. कधी कधी चेतनला उलट विचारायची, “सर, तुम्ही असता तर टाकलं असतं का? खरं सांगा.”

एक गोष्ट मी लपवत नाही. आमचा नफा म्हणजे कुणाचा तरी तोटा होता. तो कुणी तरी म्हणजे पडद्यावरचं एक टोपणनाव. तो सुरतचा व्यापारी आहे की फी भरायचे पैसे लावणारा विद्यार्थी, आम्हाला कळत नव्हतं. मी पोरांना सांगितलं होतं, समोर कोण आहे ते बघायचं नाही, कसा खेळतो ते बघायचं. हे सांगून टाकलं की मला झोप चांगली लागत असे. आता मागे वळून बघताना वाटतं, सोय होती ती.

मात्र एका बाबतीत समोर कोण आहे ते बघावंच लागे. आमच्यातल्या दोघांनी एका टेबलावर बसायचं नाही, हा साइटचा नियम आणि तो रास्त. टेबलावर सहा जण असतात. त्यांतले दोघं आतून एक असतील, एकमेकांना सांभाळून घेत असतील, तर उरलेल्या चौघांची फसवणूक होते. म्हणून मी प्रत्येकाला बाकीच्या अकरा जणांची टोपणनावं पाठ करायला लावली होती. आपलं नाव दिसलं की उठायचं. डाव सुरू झालेला असेल तर तो एक डाव परक्याशी खेळतो तसा पूर्ण खेळायचा आणि मग उठायचं. वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या.

मग साइटने एक नवा प्रकार आणला. त्यात दर डावानंतर खेळाडूला आपोआप नव्या टेबलावर नेऊन बसवत. कुठे बसायचं ते आपल्या हातात नाही. चेतन म्हणाला, हजारो लोक खेळतात, आपले दोघं समोरासमोर येणं अवघड आहे. अवघड गोष्टी होतात, हे पोकर शिकवणाऱ्याला मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, कारण त्या प्रकारात नफा बरा होता.

दिलवर वसावे हा रेशमाच्या शेजारच्या गावचा. मधे एक ओढा. कमी बोलणारा, नियमाला पक्का, पगार झाला की त्याच दिवशी घरी पाठवणारा. ते दोघं समोरासमोर आले तो डाव असा होता. रेशमाकडे दोन नव्वे. मधे उघडलेल्या पत्त्यांत एक नव्वा आणि दोन राजे. म्हणजे तीन नव्वे आणि दोन राजे, याला फुल हाऊस म्हणतात. असा संच हातात आला की माणूस श्वास रोखतो. दिलवरकडे एक राजा होता, म्हणजे त्याचे तीन राजे. तोही चांगलाच संच, पण फुल हाऊसपुढे हरणारा. त्याने समोरचं सगळं लावलं. रेशमाने नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर सगळं तिचं होतं. तिने पत्ते टाकले.

साइटवाल्यांना सगळ्यांचे झाकलेले पत्ते दिसतात. तेवढा संच कुणी टाकत नाही. टाकणारी आणि जिंकणारा एकाच गावातून खेळतात, हे त्यांना यंत्राने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाराही खाती गोठली. त्यांत माझं जवळपास सगळं भांडवल होतं. पत्र आलं: तीन दिवसांत लेखी खुलासा द्या, नाही तर सगळी खाती कायमची बंद. म्हणजे धंदा संपला आणि बारा घरांतला पगारही.

मी रेशमाला आत बोलावलं. चेतन होताच.

“का टाकलंस?”

“दिलवर होता, मॅडम.”

“ते मला दिसतंय. सांगून ठरवून केलंत?”

“नाही. तो त्या कोपऱ्यात, मी या कोपऱ्यात. नाव दिसलं तेव्हा डाव सुरू झाला होता.”

“मग परक्यासारखा खेळायचा होता. वहीत तुझी सही आहे.”

तिने सांगितलं ते असं. त्याच आठवड्यात तिच्या घरावर पत्रे चढले होते. त्यांच्याकडे अशा कामाला मजूर लावत नाहीत, लाहा बोलावतात. घरधनी घरोघर जाऊन विचारतो, अमुक दिवशी याल का. न विचारता कुणी येत नाही, विचारल्यावर कुणी नाही म्हणत नाही. पैसे द्यायचे नसतात, जेवण द्यायचं असतं. दिलवर ओढा ओलांडून आला होता आणि दिवसभर वर चढून बसला होता.

“ज्यानं डोक्यावर छप्पर चढवलं, त्याच्याकडून त्याच आठवड्यात घ्यायचं?” ती म्हणाली. “माझा बाप ऐकेल तर मला घरात घेणार नाही.”

“अगं, ते पैसे त्याचे नव्हते,” चेतन म्हणाला. “त्याचेही मावशीचे आणि तुझेही मावशीचे. उजव्या खिशातून डाव्या खिशात.”

“नाव त्याचं होतं, सर.”

चेतनने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. त्याने दोन खुलासे लिहून ठेवले होते. एकात, रेशमाने आमच्या नकळत गैरप्रकार केला, तिला आम्ही काढून टाकलं आहे. दुसऱ्यात, बोट चुकीच्या बटणावर पडलं. “मावशी, हा दुसरा पाठव. मिसक्लिक. जगभर होतं. ते मानतात.”

मला तो दुसरा लगेच पटला. मी व्यवहारी बाई आहे. कुणाचं नाव जात नाही, कुणाची नोकरी जात नाही, एका ओळीत काम. मी रेशमाला म्हटलं, “ते विचारतील तर सांगायचं, चुकून दाबलं गेलं.”

ती माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होती. तिथे काय चिकटवलेलं आहे ते मला वळून बघायची गरज नव्हती.

“चुकून नाही दाबलं, मॅडम. वेळ संपेपर्यंत विचार केला आणि मग दाबलं. तुम्ही पहिलं लिहा. माझं नाव लिहा, मी जाते. पण हे नको.”

“नोकरी जाईल. शिवाय तू फसवणारी ठरशील.”

“मी फसवलं नाही, ते मला माहीत आहे. चुकून दाबलं म्हटलं तर मी काही केलंच नाही असं होईल.”

मी दोन दिवस त्यावर काढले. चेतन म्हणत होता, एका पोरीच्या हट्टापायी अकरा जणांच्या पोटावर पाय नको देऊ. त्याचं गणित बरोबर होतं. पण मी दुसरं गणित करत होते. रोज सकाळी अकराला मी या माणसांकडून खरं कारण काढून घेत होते आणि त्याच्यावर माझा धंदा चालत होता. माझ्यावर वेळ आल्यावर मीच ते वाक्य वापरलं, तर दुसऱ्या दिवशीपासून मला बारा तोंडांतून तेच ऐकावं लागणार होतं. रेशमाची कीव आली म्हणून मी खरं लिहिलं, असं कुणी समजू नये.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः खुलासा लिहिला. डाव कसा झाला, दोघं कोण, गावं कुठे, लाहा म्हणजे काय, वहीतला नियम काय आणि तो कसा मोडला. सगळं. बाकी दहा जणांचा याच्याशी संबंध नाही, हेही. दुपारी बंगळुरूहून फोन आला. तपासणी विभागातला माणूस होता.

“मैडम, ये लाहा वाला हिस्सा मैंने तीन बार पढ़ा। लड़की है वहाँ?”

मी फोन स्पीकरवर ठेवला.

“उसने हमारे घर पर पत्रे चढ़ाए थे, साहब,” रेशमा म्हणाली. “उसी हफ्ते।”

“और वो फिर सामने आ गया तो?”

“तो फिर नहीं लूँगी।”

मग तो माझ्याशी बोलला. “मैडम, एक बात बोलूँ? आप मिसक्लिक लिख देतीं तो मैं एक मिनट में फाइल बंद कर देता। अब आपने लिख दिया है, तो मुझे भी कुछ लिखना पड़ेगा।”

चेतनने डोक्याला हात लावला. संध्याकाळी निकाल आला. दहा खाती मोकळी. रेशमाचं आणि दिलवरचं कायमचं बंद. नवा प्रकार आमच्या सगळ्यांना वर्ज्य.

मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. हॉलमध्ये सांगितलं, उद्या अकराला नेहमीसारखं. रेशमाला मी त्याच पगारावर डाव तपासायला बसवलं. खेळायची नाही, खेळणाऱ्यांना विचारायची. त्या कामात ती चेतनच्या पुढे गेली. तिच्यासमोर खोटं कारण सांगायला कुणी धजत नसे. ती काय सोसून तिथे बसली आहे, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

राहिला दिलवर. तो संध्याकाळी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

“माझं खातं का बंद झालं, मॅडम?”

“त्या डावात तू होतास म्हणून.”

“मी नियमानं खेळलो. नाव दिसलं, तरी परक्यासारखं खेळलो. वहीत होतं तसं.”

“मला माहीत आहे.”

“खुलासा लिहिला तेव्हा तिला विचारलं?”

“विचारलं.”

पुढचं वाक्य दोघांनाही माहीत होतं. तीन दिवसांत मी रेशमाशी बोलले, चेतनशी बोलले, नवऱ्याशी बोलले, अप्पांचंसुद्धा मत घेतलं. दिलवर माझ्यापासून पंधरा पावलांवर बसलेला होता आणि त्याला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. त्याने काही चूक केली नव्हती, म्हणून तो माझ्या हिशेबातच नव्हता. मिसक्लिक लिहिलं असतं तर त्याचं खातं वाचलं असतं. ते सोडायचं की नाही, हे त्याच्या वतीने मी परस्पर ठरवलं. मी त्याला इन्व्हर्टर आणि इंटरनेट सांभाळायचं काम देऊ केलं. पगार कमी होता. तो म्हणाला, “मी खेळायला आलो होतो, मॅडम,” आणि महिन्याअखेर गुजरातेत कामाला निघून गेला.

त्यानंतर हॉल चांगला चालला. मग पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा आला आणि साइटवाल्यांनी टेबलं उचलली. कायदा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पडद्यापलीकडच्या त्या विद्यार्थ्याची आई मी असते तर पेढे वाटले असते. पण बारा माणसांना मी जे शिकवलं होतं ते फुकट जाऊ द्यायचं नव्हतं, आणि माझ्याकडे ती मिरचीची परात होती. प्रकाशा रस्त्याला जागा घेतली. मिरची आणायची, निवडायची, प्रतवारी लावून पाकिटात भरायची. डागी मिरची चांगल्यात जात नाही, एवढीच आमची जाहिरात. निवडणाऱ्या बायकांची प्रमुख रेशमा. सकाळी अकराला ती आदल्या दिवशीची पाच पाकिटं फोडते आणि विचारते, हे का ठेवलं? तो बंदीचा कागद आता तिच्या डोक्यामागच्या भिंतीवर आहे.

पहिल्या शेडवर पत्रे चढवायचे होते. मी रेशमाला म्हटलं, “तुझ्याकडची चार-आठ माणसं आण.” तिने फोन केले. सकाळी जीपमधून आठ जण उतरले, त्यांत दिलवर. गुजरातेतून परत आला होता. मला बघून मान हलवली आणि शिडी लावायला गेला. दिवसभर तोच वर होता. मी दुपारी सगळ्यांसाठी स्वतः रांधलं: भाकरी, उडदाची डाळ, लसणाची चटणी. मनात कुठे तरी होतं, की जेवण आपण रांधलं, म्हणजे आज आपल्याकडेही लाहा झाली.

संध्याकाळी पैशांची पाकिटं दिली. रेशमाने तिचं माझ्या टेबलावर परत ठेवलं. “मी घरची आहे,” म्हणाली. मग दिलवरची पाळी आली. मी पाकीट पुढे केलं, पण सोडलं नाही लवकर. त्याने ते माझ्या बोटांतून ओढून घेतलं आणि खिशात घातलं.

“मला वाटलं, तूही घेणार नाहीस,” मी म्हटलं.

“मजुरीला आलो होतो, मॅडम. लाहा असती तर तुम्ही घरी येऊन विचारलं असतं.”

रागाने म्हणाला नाही. वहीतला नियम वाचून दाखवतात तसं म्हणाला आणि जीपमध्ये जाऊन बसला.

दुसऱ्या शेडचे पत्रे पुढच्या महिन्यात येणार आहेत. रेशमाने विचारलं, फोन करू का त्याच माणसांना? मी म्हटलं, थांब. दिलवरच्या गावाला अक्कलकुव्याहून एसटी दिवसातून दोनदा जाते. सकाळची धरली तर विचारून परतीची मिळते म्हणे.